स्वतःच्या शेतातला मातीचा बांध, बोडी आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून मराठवाडा, पूर्व विदर्भ आणि कोकणातल्या शेतकऱ्यांचे आहेत. कुणी नुकताच नाल्यावर बांध घातलाय, कुणाला आजोबांकडून बोडी (धानाला पाणी देणारं छोटं तळं) मिळालीय, तर कुणाच्या घराच्या वरच्या अंगाला दुसऱ्याचं तळं आहे. उत्तरं महाराष्ट्रातली परिस्थिती धरून दिली आहेत.

नेमक्या कुठल्या बांधाबद्दल हे बोलणं चाललंय?

खासगी जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने किंवा अनुदानातून घातलेला मातीचा भराव, ज्याच्यामागे पाणी साठतं. ओघळीवरचा बांध, बोडी, शेतमालकाचा छोटा पाझर तलाव, हे सगळं त्यात आलं. उंची साधारण दोन मीटरपासून आठ-नऊ मीटरपर्यंत.

जमिनीत खोदलेलं शेततळं यात येत नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत २०१६ पासून जी ३० बाय ३० बाय ३ मीटरपर्यंतची तळी झाली, त्यांत सुमारे २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर पाणी मावतं. ते पाणी बरंचसं जमिनीच्या पातळीखाली असतं. तळं फुटून गाव वाहून गेलं असं त्यात होत नाही. धोका असतो तो माणूस किंवा जनावर पडण्याचा. त्याला कुंपण हा उपाय. पण तळ्याच्या खोदाईची माती भोवती रचून पाणी जमिनीच्या दीड-दोन मीटर वर चढवलं असेल, तर तोही मातीचा बांधच समजा आणि पुढचं वाचा.

धरण सुरक्षा कायदा माझ्या बांधाला लागू होतो का?

जवळजवळ नक्कीच नाही. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. तो ‘विनिर्दिष्ट’ धरणांपुरता आहे. १५ मीटरपेक्षा उंच असलेलं प्रत्येक धरण त्यात येतं. १० ते १५ मीटर उंचीचं धरण येतं, पण माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त, महत्तम पूर विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा जास्त, पाया विशेष अवघड किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी, यांतली एक तरी अट लागू झाली पाहिजे. दहा मीटरच्या आतलं काहीच येत नाही.

आता तुमचा बांध घ्या. पाणी एक हेक्टरभर पसरतं आणि बांधापाशी चार मीटर खोल आहे असं धरू. नाल्यातल्या साठ्यासाठी ढोबळ हिशेब असा: पसारा गुणिले कमाल खोली गुणिले ०.४. म्हणजे १६,००० घनमीटर. कायद्याची रेघ १० लाखांवर आहे. तुम्ही तिच्या आसपाससुद्धा नाही.

मात्र १६,००० घनमीटर म्हणजे १६,००० टन पाणी. खाली अर्ध्या किलोमीटरवर वस्ती असेल तर तिला कायद्याच्या व्याख्येशी काही देणंघेणं नसतं.

उंची कुठून मोजतात? माझा बांध एका बाजूने सात मीटर दिसतो, दुसऱ्या बाजूने अकरा.

पायाच्या सगळ्यात खालच्या सर्वसाधारण पातळीपासून माथ्यापर्यंत. पाण्याच्या बाजूने किती दिसतं ते धरायचं नाही. बांध खरोखर दहा मीटरच्या वर जात असेल तर वर दिलेल्या अटी एखाद्या अभियंत्याकडून तपासून घ्या. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. अटी लागू होत असतील तर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, त्यांच्या नोंदी, आणीबाणीचा आराखडा ही सगळी जबाबदारी मालकाची होते, मग तो मालक खासगी असला तरी.

म्हणजे छोट्या बांधाला कुणाचीच परवानगी नको?

असं ऐकून पोकलेन बोलावणारे बरेच आहेत. धरण म्हणून परवानगी लागत नाही, पण बांध ज्या गोष्टींना हात लावतो त्यांची लागते.

पहिली गोष्ट नाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले, त्यांचे तळ आणि वाहतं-साठलेलं पाणी, ज्यावर कुणाची मालकी सिद्ध होत नाही, ते सगळं राज्य शासनाचं. नकाशावर नाला म्हणून दाखवलेल्या प्रवाहावर बांध घालायचा तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा. तालुक्याच्या मृद व जलसंधारण कार्यालयाची किंवा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाची तांत्रिक शिफारस सोबत असेल तर काम सोपं होतं. दुसरी गोष्ट माती आणि मुरूम. हे गौण खनिज आहे. परवानगीशिवाय काढलं तर संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ट्रॅक्टर-डंपर जप्त होतो तो वेगळाच. आपल्याच शेतातली माती आपल्याच बांधाला वापरतोय, हेसुद्धा अर्जात लिहून पोच घ्या. तिसरी, वनजमीन. पाण्याचा फुगवटा वनखात्याच्या हद्दीत गेला तर केंद्राच्या परवानगीचा विषय होतो. तसं होणार असेल तर बांधाची उंची कमी करा. त्या फायलीचा पाठपुरावा तुमच्याने होणार नाही.

नाला माझ्या सातबाऱ्यावरच आहे. मग तो माझा नाही का?

सातबाऱ्यावर पोटखराब क्षेत्र किती आणि कुठल्या वर्गाचं ते बघा. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य: खडक, खाणपट्टा वगैरे. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेलं, रस्त्याखालचं, किंवा खातेदाराखेरीज इतर लोक ज्याचं पाणी पिण्याला, वापराला, सिंचनाला घेतात अशा तळ्या-ओढ्याखालचं. नाला ‘ब’ मध्ये दाखवला असेल तर तुमच्या गटातून जाऊनही त्यावर इतरांचा हक्क आहे. बांधाच्या भांडणात तहसीलदार पहिलं पान हेच उघडतात. तुम्ही आधीच उघडून बघितलेलं बरं.

पावसाचं पाणी तुमच्या रानावरून नुसतं वाहत जात असेल, ठरलेला प्रवाह नसेल, तर ते अडवायला मोकळीक बरीच आहे. ठरलेल्या प्रवाहाच्या बाबतीत भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चं साधं तत्त्व लागतं: काठच्या प्रत्येकाला पाणी वापरायचा हक्क, पण खालच्या काठकऱ्याचं मोठं नुकसान न करता.

आमच्याकडे चार पिढ्यांची बोडी आहे. मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची पद्धत) गेली तेव्हा ती सरकारजमा झाली का?

हा प्रश्न भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून हमखास येतो, आणि त्याचं उत्तर कागद बघितल्याशिवाय देता येत नाही.

थोडं मागे जाऊ. धानाच्या या पट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले गेले, त्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. पाळ (तलावाचा बांध) कुठे घालायची, तुडूम (पाणी सोडायचं तोंड) कुठे बसवायचं आणि जादा पाणी कुठून काढून द्यायचं, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं. तलावाची देखभाल मालगुजार बघे. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. मोठे तलाव शासनाकडे गेले, त्यांनाच आज माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणतात. त्यांच्यावरचे निस्तार हक्क, म्हणजे गावकऱ्यांचे पाणी वगैरे वापरायचे हक्क, मात्र गावाकडे राहिले. मालकी एकाची, हक्क दुसऱ्याचा आणि दुरुस्ती कुणाचीच नाही, अशी त्यातल्या कितीतरी तलावांची पुढे गत झाली. गाळ साचला, पाळी खचल्या.

बोडी त्याहून लहान. एका-दोघा शेतकऱ्यांच्या बांधीला (धानाच्या बांध घातलेल्या खाचराला) शेवटचं पाणी देण्यापुरती. पुष्कळ बोड्या खातेदारांच्याच नावावर राहिल्या. तुमची कुठल्या गटात बसते हे बघायला तीन कागद काढा: जुन्या बंदोबस्ताची (जमीन मोजून सारा ठरवल्याची) मिसल, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज.

वाजिब-उल-अर्ज कशाला? बोडी माझ्या नावावर असेल तर विषय संपला ना?

नाही संपत. महसूल संहितेच्या कलम १६५ खालचा वाजिब-उल-अर्ज हा नेमका शासनाच्या मालकीच्या *नसलेल्या* जमिनीबद्दल आणि पाण्याबद्दल असतो. खासगी पाण्यावर गावाचे सिंचनाचे, वाटेचे, मासेमारीचे जे रिवाज चालत आले, त्यांची ती नोंद. तिथे ‘अमुक बोडीतून खालच्या बांध्यांना पाणी’ असं लिहिलं असेल, तर सातबारा तुमचा असूनही तुडूम कायमचं बुजवता येणार नाही. नवीन मालकांना हे रजिस्ट्री झाल्यावर कळतं आणि मग कोर्टकचेऱ्या सुरू होतात.

सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, किती रुंद हवा?

सगळ्यात जास्त विचारला जावा असा प्रश्न हा, आणि सगळ्यात कमी विचारला जातो तोही हाच. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध जातो. दगडी बंधाऱ्यावरून पाणी वाहू शकतं, मातीवरून नाही. माथ्यावरून वाहणारं पाणी खालच्या उतारावर चर पाडतं, चर मागे मागे खात येतो, आणि तासाभरात भगदाड पडतं.

हिशेब करून बघू. समजा तुमच्या बांधाला ४० हेक्टर रानाचं पाणी येतं. जोराचा पाऊस तासाला १०० मिलीमीटरचा धरू. त्यातलं निम्मं पाणी जिरलं, निम्मं वाहिलं. क्षेत्र गुणिले पावसाची तीव्रता गुणिले ०.५, भागिले ३६०. उत्तर येतं सेकंदाला साधारण ५.५ घनमीटर. आता हे पाणी सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीने जाऊ द्यायचं. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून दर मीटर रुंदीला सेकंदाला ०.६ घनमीटर जातं. म्हणजे सांडवा हवा नऊ-साडेनऊ मीटर रुंद. आणि त्या अर्ध्या मीटरच्या वर बांधाचा माथा आणखी निदान अर्धा मीटर, शक्य असेल तर एक मीटर उंच हवा. लाटा आणि भरावाचं खचणं त्यात भागतं.

आता तुमच्या सांडव्यावर टेप धरा. चार मीटर भरला तर काय समजायचं ते समजा.

चढाची, खडकाळ किंवा काळ्या मातीची भिजलेली जमीन असेल तर निम्म्याहून जास्त पाणी वाहतं. हिशेब आणखी कडक करा. कोकणात तर १०० मिलीमीटर हा आकडाच अपुरा पडू शकतो.

पण पूर किती वर्षांचा धरायचा?

धरणांच्या सांडव्यासाठी भारतीय मानक ११२२३ आहे. त्यात ‘लहान’ धरण म्हणजे साठा ५ लाख ते १ कोटी घनमीटर किंवा पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर. त्याला १०० वर्षांतून एकदा येणारा पूर धरायला सांगितलंय. तुमचा बांध या मोजणीच्याही खाली आहे, म्हणून ठेकेदार २५ वर्षांचा पूर धरून मोकळा होतो. २५ ऐकायला पुष्कळ वाटतं. पण असा सांडवा पुढच्या २५ वर्षांत एकदा तरी अपुरा पडण्याची शक्यता ६४ टक्के निघते. खाली फक्त तुमचंच रान असेल तर तो जुगार तुमचा. खाली घर, रस्ता, अंगणवाडी काहीही असेल तर १०० वर्षांचा पूर धरा, मानक सांगो न सांगो.

सांडव्याऐवजी मोठा पाइप टाकला तर चालेल का? जागा वाचते.

फूटभर व्यासाच्या पाइपातून, वर थोडंच पाणी असताना, सेकंदाला ०.१५ घनमीटरच्या आसपास पाणी जातं. वरच्या उदाहरणात असे पस्तीसहून जास्त पाइप लागतील, आणि एकाच्या तोंडाशी बेशरमाचं झुडूप अडकलं की तो बाद.

शिवाय भरावातून पाइप घालणं हाच मुळात बांधाचा कच्चा दुवा. पाइपाच्या पोटाखाली माती नीट चोपली जात नाही, पाणी त्या फटीने वाट काढतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा काम अपुरं असतानाच त्यात पाणी साठवलं होतं. आणि तिथेही घात सुरू झाला तो भरावाखालून जाणाऱ्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या मोरीच्या, नळापासून. विमोचकाला पाइप लागतोच, तो टाळा असं म्हणणं नाही. पण तो मूळ जमिनीत चर खणून, भोवती काँक्रीट घालून बसवा. भरावाच्या मधोमध टाकू नका.

सांडव्यावर मासे अडवायला जाळी लावली आहे. काही हरकत?

आहे. जाळी पहिल्या पावसात काडीकचरा, जलपर्णी, प्लॅस्टिक धरून ठेवते आणि भिंत बनते. सांडवा आठ मीटरचा असून उपयोग दोन मीटरचा राहतो. तसंच सांडव्याच्या तोंडाशी वाळूच्या गोणी रचून फूटभर पाणी वाढवणं. ऑक्टोबरात, पाऊस नक्की गेल्यावर करत असाल तर एक वेळ समजू शकतो. ऑगस्टमध्ये गोणी रचणाऱ्याने मात्र बांधाच्या सुरक्षेची अख्खी जागा फूटभर पाण्यासाठी विकलेली असते.

हवाईतल्या कवाई बेटावर ‘का लोको’ नावाचं खासगी मालकीचं मातीचं धरण होतं, उसाच्या मळ्यांच्या काळातलं. १४ मार्च २००६ ला ते फुटलं आणि सात माणसं गेली. चौकशीत निघालं की सांडवा मातीने बुजलेला होता आणि सरकारी तपासणी तिथे कधी झालीच नव्हती. मालकाला २०१४ मध्ये सात महिन्यांची शिक्षा झाली.

बांधाला काळी माती चांगली की मुरूम?

दोन्ही लागतात, जागच्या जागी. मध्ये गाभ्याला काळी, चिकण माती, कारण ती पाणी धरते. दोन्ही बाजूंना मुरूम, कारण काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसात फुगून घसरते. गाभ्याखाली खंदक खणून तो कठीण मुरूम किंवा खडकाला भिडवायचा आणि त्याच काळ्या मातीने भरायचा. नुसत्या काळ्या मातीचा पाच मीटरचा बांध मे महिन्यात जाऊन बघा. माथ्यावरच्या भेगांत हात जातो, आणि जूनचं पहिलं पाणी त्याच भेगांतून आत उतरतं.

उतार पाण्याच्या बाजूला अडीचास एक (अडीच मीटर आडवं, एक मीटर उभं), खालच्या बाजूला दोनास एक. याहून खडा ठेवला तर मातीची बचत होते आणि बांध घसरायला मोकळा होतो.

मातीच्या जातीपेक्षा दबाईवर जास्त अवलंबून असतं. वीस सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर, मग पुढचा थर. मातीला ओल इतकी हवी की मुठीत दाबल्यावर गोळा वळावा आणि हाताला चिखल लागू नये. पोकलेनने माती ढकलून वरून दोनदा फिरवणं ही दबाई नव्हे. तसा बांध पहिल्या दोन पावसाळ्यांत दहा टक्के सहज बसतो. पाच मीटरचा बांध म्हणजे अर्धा मीटर खाली, आणि तोही मधोमध, जिथे भराव सगळ्यात उंच असतो तिथे. मग पाणी सांडव्याकडे जायच्या आधी मधल्या खळग्यातून जातं. दरवर्षी मेअखेर पाण्याची पारदर्शक नळी घेऊन माथ्याची पातळी तपासा. दोन माणसं, अर्धा दिवस.

बांधाच्या पायथ्याशी ओल आहे. घाबरायचं का?

मातीचा बांध थोडा पाझरतोच. प्रश्न असा की येणारं पाणी निवळ आहे की गढूळ, आणि पूर्वीइतकंच आहे की वाढतंय. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी धरा, तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर बांधातली माती वाहून येतेय. ते दुखणं बाहेरून दिसत नाही, आतून पोकळी वाढत जाते.

अशा जागी चिकण माती थापून भोक बंद करू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. झरणाऱ्या जागेवर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी टाका, म्हणजे पाणी येत राहील आणि माती अडेल. लगेच विमोचक उघडून साठा कमी करा. मग अभियंत्याला बोलवा.

झाडं, उंदीर, खेकडे यांचं काय?

भरावावर गवत हवं, झाड नको. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी वाढली की मुळं आत जातात, आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. हाताच्या अंगठ्याएवढं रोपटं असतानाच उपटा. मोठं झाड बुंध्याशी तोडून मूळ तसंच ठेवणं सगळ्यात वाईट.

खेकड्यांचा विषय महाराष्ट्रात आता हसण्यावारी जातो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं. लोक चिडले ते योग्यच, कारण गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. पण म्हणून खेकडे-उंदीर बिळं करतात हे खोटं ठरत नाही. बीळ जूनमध्ये दिसलं तर ते खणून, ओली माती थराथराने ठासून बुजवता येतं. खेकड्याने बीळ करणं हा खेकड्याचा धर्म. ते वेळेत बघणं हे मालकाचं काम.

बांध फुटून खालच्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण?

तुम्ही. किती प्रमाणात, ते निष्काळजीपणावर ठरतं.

या विषयातले जुने दोन निवाडे खासगी तळ्यांचेच आहेत. इंग्लंडात एका गिरणीमालकाने तळं बांधलं, १८६० मध्ये त्याचं पाणी जुन्या खाणींच्या विहिरींतून शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवली आणि ती निसटली, तर चूक असो-नसो, भरपाई द्यावी लागेल. हिंदुस्थानातून मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटनगरचा जमीनदार हे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वात वरच्या अपिली न्यायालयापुढे, गेलं. जमीनदाराचे जुने तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले होते. १८७४ मध्ये निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला. इथे तलाव हा शौक नाही, लोकांच्या पोटाचा आधार आहे, ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच, आणि त्याने हयगय केलेली नाही, असं म्हटलं गेलं.

या दुसऱ्या निकालावर विसंबून निश्चिंत राहणाऱ्यांनी त्यातलं ‘हयगय केलेली नाही’ हे पुन्हा वाचावं. जमीनदार सुटला तो देखभालीमुळे. तुमच्याकडे देखभालीचा पुरावा काय? वर्षातून दोनदा बांध फिरून तारखेसह मोबाइलवर फोटो काढा, वहीत दोन ओळी लिहा, मजुरीच्या पावत्या ठेवा.

माणूस दगावला आणि हयगय दिसली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

माझ्या बांधामुळे शेतात पाणी तुंबतं अशी शेजाऱ्याने तक्रार केली आहे.

बहुधा मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ लावलं असेल. शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक वाहण्याला कुणी बेकायदा अडथळा केला, तर तहसीलदार तो काढायला लावू शकतात. अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. तुमच्याकडे लेखी परवानगी असेल तर बचाव भक्कम आहे, नसेल तर कमकुवत. सुनावणीआधी शेजाऱ्यासोबत एकदा फुगवट्याची रेषा चुना टाकून आखून बघा. कित्येकदा सांडव्याची पातळी वीतभर उतरवली की भांडण मिटतं.

उलट परिस्थिती आहे: वरच्या शेतकऱ्याचा बांध मला धोक्याचा वाटतो.

आधी त्याला सांगा, साक्षीदारासमोर आणि लेखी. मग तहसीलदारांना फोटोंसह अर्ज द्या, प्रत ग्रामपंचायतीला आणि जलसंधारण कार्यालयाला. पडायच्या बेतात असलेलं बांधकाम दुरुस्त करायचा किंवा काढायचा सशर्त आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १३३ ते हेच. अर्ज एप्रिल-मेमध्ये करा. जुलैत केला तर यंत्र बांधावर चढवायलाच जागा कोरडी नसते.

दुसऱ्या देशांत छोट्या खासगी धरणांवर नियंत्रण असतं का?

वेल्समधल्या डोल्गारोगला २ नोव्हेंबर १९२५ ला एका ॲल्युमिनियम कंपनीची धरणं एकापाठोपाठ फुटली, १६ माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनने १९३० मध्ये जलाशयांचा कायदा केला. त्याच्या जागी आलेला १९७५ चा कायदा तिथे खासगी तळ्यांनाही लागतो. इंग्लंडात आजची मर्यादा २५,००० घनमीटर आहे, वेल्समध्ये २०१६ पासून १०,०००. आपल्या उदाहरणातला १६,००० घनमीटरचा बांध वेल्समध्ये नोंदवावा लागला असता. मला स्वतःला वाटतं, निदान ज्या बांधाखाली वस्ती आहे त्यांची तालुक्यापुरती यादी तरी हवी. मंजुरीची नवी खिडकी उघडण्यापेक्षा ती यादी जास्त कामाला येईल.

रात्रीचा पाऊस आहे, पाणी माथ्याला लागायला फूटभर उरलंय. काय करू?

आधी खालच्या घरांना उठवा. मग १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला आणि ११२ वर फोन. विमोचक पूर्ण उघडा. सांडव्यातला कचरा लांब बांबूने, कडेला उभं राहून काढा; पाण्यात उतरू नका. जेसीबी मिळाला तर सांडवा रुंद करा, पण भरावापासून लांबच्या, मूळ जमिनीच्या बाजूला. बांधालाच चर पाडून पाणी सोडायची कल्पना कुणीतरी हमखास सुचवतं. तो चर मग कुणाच्या हातात राहत नाही. माथ्यावरच्या खळग्यात मातीच्या गोणी टाकता येतात, पण खालच्या उतारावर भेग दिसली किंवा माती घसरायला लागली तर बांधावरून सगळ्यांनी उतरायचं.

बांध नको झालाय. तसाच सोडून दिला तर?

तसाच सोडलेला बांध पाणी अडवतच राहतो. मोडायचा असेल तर उन्हाळ्यात, साठा कोरडा असताना, नाल्याच्या मूळ तळापर्यंत आणि मूळ रुंदीइतका भाग कापा, दोन्ही कडा सपाट उताराच्या ठेवा. अनुदानातून झालेला असेल तर आधी त्या खात्याला कळवा, आणि वाजिब-उल-अर्जात नोंद असेल तर हक्कदारांना. गाळ चांगला असेल तर तो आपल्याच रानात पसरा. शेत विकत असाल तर खरेदीखतात बांधाचा, सांडव्याचा आणि तुडूमाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख करा, आणि देखभालीची वही नव्या मालकाच्या हवाली करताना तिच्या पानांच्या प्रती स्वतःकडे ठेवा.